मोटारीचें चाक कशानें धरलेलें असतें?

बैलगाडीचें चाक काढतांना आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. आंसाच्या टोकाची खीळ उपटली कीं चाक सरळ बाहेर येतें. तें आंसावर सैल फिरत असतें, आणि तें निसटूं नये एवढेंच त्या खिळीचें काम. मोटारीच्या चाकाकडे पाहिलें म्हणजे मध्यभागीं चार किंवा पांच नट दिसतात, व नट काढले म्हणजे आंत करंगळीएवढे जाड, आटे पाडलेले पोलादी दांडे दिसतात. या दांड्यांस स्टड म्हणतात. पाहणारास साहजिकच वाटतें कीं, हे स्टड म्हणजे चार-पांच खिळीच होत. चाक त्यांवर टांगलेलें आहे आणि नट त्यास बाहेर पडूं देत नाहींत. आम्हांसहि अनेक वर्षें असेंच वाटत होतें. शाळेंत पदार्थविज्ञान शिकवीत असतां ही समजूत आम्हीं बाळगली, हें कबूल करण्यास संकोच वाटतो. परंतु ती समजूत नुसती चुकीची नव्हे, धोक्याचीहि आहे. ती ज्या प्रसंगानें दूर झाली तो प्रसंग प्रथम सांगून, मग त्यामागील शास्त्र व व्यवहार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्हांस इंग्लंडला जाण्याचा योग आला. सायकली व मोटारी यांच्या कारखान्यांमुळें प्रसिद्धीस आलेल्या कॉव्हेंट्री शहरीं आमचा एक जुना विद्यार्थी अभियंता म्हणून नोकरीस आहे. त्याच्या घरीं आमचा आठ दिवस मुक्काम होता. त्याच्या दारांत दोन बैठकांची, टप उघडतां येणारी, तांबडी स्पोर्ट्स गाडी उभी असे. माझदा कंपनीची एम्-एक्स-५ या नांवाची ही गाडी जपानांत हिरोशिमा येथें तयार होते. १९८९ च्या फेब्रुवारी महिन्यांत शिकागोच्या प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली, आणि २०१६ च्या एप्रिलमध्यें दहा लाखावी गाडी कारखान्यांतून बाहेर पडली. आमच्या विद्यार्थ्याची गाडी पहिल्या पिढीची, म्हणजे १९८९ ते १९९७ या काळांतील होती. वजन एक टनाहून किंचित कमी. चाकें ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचीं. प्रत्येक चाकास चार स्टड.

एका शनिवारीं सकाळीं ब्रेक तपासण्यासाठीं तो पुढचें चाक काढावयास बसला. तीन नट सुटले, चौथा हलेना. त्यानें पान्यावर थोडा जोर देतांच 'कड्' असा आवाज झाला, आणि नट स्टडच्या तुकड्यासह त्याच्या हातांत आला. त्याची सात वर्षांची मुलगी पोहण्याच्या वर्गास जाण्यासाठीं पिशवी घेऊन दारांत उभीच होती. आम्ही सहज बोलून गेलों, "अरे, सहा मैलांचा तर प्रश्न! चारांपैकीं तीन शाबूत आहेत कीं. आतां सांवकाश जाऊन ये, मग दुरुस्त कर." त्यानें हात पुसले व शांतपणें म्हटलें, "नाहीं सर. तीन खिळ्यांवर चाक टांगून राहील असें आपण समजतां. पण चाक टांगलेलें नसतेंच." मुलगी आईबरोबर बसनें गेली, आणि आम्ही गोणपाटावर बसून आमच्याच विद्यार्थ्याकडून धडा घेऊं लागलों. शिष्याकडून पराजय व्हावा अशी इच्छा गुरूनें धरावी, असें आपल्याकडे म्हणतात. ती इच्छा त्या दिवशीं पुरेपूर फळास आली.

त्यानें घरांतून सारख्या आकाराचीं आठ-दहा पुस्तकें आणलीं. फळीवर असतात तशीं तीं उभीं ओळीनें धरलीं, दोन्ही टोकांस तळहात देऊन दाबलीं, आणि ती सगळी ओळ अधांतरीं उचलली. मधल्या पुस्तकांस खालून कसलाहि आधार नव्हता. तरी एकहि पुस्तक पडलें नाहीं. तळहातांचा दाब किंचित सैल करतांच मात्र मधलीं पुस्तकें धप्पकन् खालीं आलीं. हा प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनीं घरीं अवश्य करून पाहावा. पुस्तकांस वर धरणारें बळ हें तळहातांच्या दाबामुळें उत्पन्न झालेलें घर्षण होय. मोटारीचें चाकहि अगदीं असेंच धरलेलें असतें.

आतां भागांची रचना पाहूं. गाडीच्या आंसाच्या टोकाशीं बेअरिंगवर फिरणारा एक पोलादी गोल भाग असतो. त्यास हब म्हणतात. हबच्या सपाट कडेस भोंकें असून त्यांत मागील बाजूनें स्टड ठोकून किंवा दाबून बसविलेले असतात. स्टडच्या डोक्यापाशीं बारीक उभे दांते असतात. ते भोंकाच्या भिंतींत रुततात, म्हणून नट फिरवितांना स्टड जागच्या जागीं गरगर फिरत नाहीं. हबवर ब्रेकची तबकडी, तबकडीवर चाक, आणि चाकावर नट, असा हा थर आहे. नटाचें आंतलें तोंड निमुळतें असतें व चाकाच्या भोंकाचा कांठहि तसाच उतरता असतो. त्यामुळें नट बरोबर मध्यावर बसतो. नट आवळला म्हणजे हब, तबकडी व चाक हीं तिन्ही त्या पुस्तकांच्या ओळीप्रमाणें एकमेकांवर दाबलीं जातात. गाडीचा भार, ब्रेकचा ओढा, वळणावरील रेटा हें सर्व त्या सपाट पृष्ठभागांमधील घर्षण सोसतें. स्टडनें आडवा भार सोसावा अशी ही रचनाच नाहीं. त्याचें काम एकच: ओढून धरणें.

आणि ओढून धरण्यासाठीं त्याला स्वतः ताणलें जावें लागतें. पोलाद ताणलें जातें हें ऐकून लहान विद्यार्थ्यांस नवल वाटेल. पण प्रत्येक स्टड म्हणजे एक अत्यंत ताठ स्प्रिंगच होय. जितका ताण तितकी लांबीची वाढ, हा जो नियम रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला, तो आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी पाठ म्हणतातच. तो येथें कसा लागूं पडतो, हें आंकड्यांनीं पाहूं.

या गाडीचा स्टड १२ मिलिमीटर जाडीचा असून त्याच्या दोन आट्यांमधील अंतर दीड मिलिमीटर आहे. नट ८८ ते ११८ न्यूटन-मीटर इतक्या पिळानें आवळावा, असें गाडी बनविणारांनीं सांगितलें आहे. आपण १०० न्यूटन-मीटर धरूं. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकास सुमारें दहा किलो वजन टांगलें असतां जेवढा पीळ पडेल तेवढा हा झाला. या श्रमाचा सुमारें नऊदशांश भाग आट्यांतील व नटाच्या तोंडाखालील घर्षणांतच खर्च होतो. उरलेल्या एकदशांशानें स्टड ताणला जातो. असें असूनहि, घर्षण सर्वसाधारण धरून नेहमींच्या सूत्रानें हिशेब केला, तर एका स्टडमध्यें सुमारें सव्वाचार टनांची ओढ निर्माण होते. चार स्टडांची मिळून सतरा टन! म्हणजे एक टनाहून हलक्या गाडीचें प्रत्येक चाक संपूर्ण गाडीच्या वजनाच्या सतरापट दाबानें हबवर दाबून धरलेलें असतें.

या सव्वाचार टनांच्या ओढीनें स्टड किती लांबतो? ताणल्या जाणाऱ्या भागाची लांबी सुमारें बावीस मिलिमीटर धरली, तर उत्तर येतें मिलिमीटरचा सुमारें विसावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस जवळजवळ एवढाच जाड असतो. हें गणित आमच्या विद्यार्थ्यानें एका पाकिटाच्या पाठीवर करून दाखविलें, तेव्हां आम्ही कांहीं वेळ स्तब्धच झालों. ताशीं शंभर किलोमीटर वेगानें धांवणाऱ्या, सेकंदास पंधरा फेरे घेणाऱ्या चाकाची सारी सुरक्षितता एका केसाच्या जाडीएवढ्या ताणावर उभी असते!

ही गोष्ट एकदां ध्यानांत आली म्हणजे स्टडची निगा राखण्याचे सर्व नियम आपोआप सुचतात. ते निराळे पाठ करावे लागत नाहींत. समजा, हब व चाक यांच्यामध्यें गंजाचा पापुद्रा, मातीचा कण किंवा रंगाचा जाड थर राहिला. नट आवळतांना तो घट्ट लागेल, पण पुढें गाडी धांवतांना तो थर चिरडून केसाएवढा जरी पातळ झाला, तरी स्टडचा ताण जवळजवळ सगळाच नाहींसा होईल. नट तसाच जागेवर दिसेल. पण ओढ गेलेली असेल. ओढ गेली कीं घर्षण गेलें. घर्षण गेलें कीं चाक हबवर सूक्ष्म हालचाल करूं लागतें, आणि जो भार स्टडनें कधींच सोसावयाचा नव्हता तो त्याच्यावर आडवा येऊन पडतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यांत स्टड एकदां इकडे व एकदां तिकडे वांकतो. या गाडीचें चाक एका किलोमीटरांत सुमारें ५५० फेरे घेतें. म्हणजे शंभर किलोमीटरच्या प्रवासांत पंचावन्न हजार वेळां वांकणें झालें. तार हातांत धरून पुन्हां पुन्हां वांकविली म्हणजे ती शेवटीं तुटते. तसाच स्टडहि थकून तुटतो. एक तुटला कीं शेजारच्यांवर भार वाढतो आणि तेहि लवकर तुटतात. तीन शाबूत आहेत असें जें आम्हीं म्हटलें होतें, त्यांतील चूक येथें होती. एक स्टड गेल्यानें त्या बाजूचा दाब गेला होता. उरलेले तीन पुढें किती वेळ शाबूत राहतील, हें कोणी सांगूं शकलें नसतें.

तुटलेल्या तुकड्यावरून स्टड कशानें मेला हें सांगतां येतें. थकून तुटलेल्या स्टडच्या तोंडावर, ओहोटीनंतर वाळूवर लाटांच्या रेषा राहतात तशा वक्र रेषा एकामागून एक दिसतात, आणि शेवटीं तुटलेला थोडासा भाग खरखरीत असतो. अति आवळल्यानें तुटलेल्या स्टडची गोष्ट निराळी. तो तुटण्यापूर्वीं लांबतो, तुटल्या जागीं त्याची मान बारीक होते, व तेथील आट्यांमधील अंतर वाढलेलें दिसतें. आमच्या पुढचा तुकडा या दुसऱ्या प्रकारचा होता. कांहीं महिन्यांपूर्वीं एका दुकानांत टायर बदलून घेतले होते. तेथील कामगारानें दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रानें नट खडाखड आवळले होते. या यंत्रानें नट सोडविणें सोयीचें असतें, पण आवळतांना पीळ किती पडला हें त्यानें नीट कळत नाहीं. वर त्या देशांत हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठानें आट्यांत गंज धरला होता. आधींच मर्यादेबाहेर ताणलेला स्टड, त्यांत गंजलेला नट. मग थोड्या जोरानें तो तुटला यांत आश्चर्य नाहीं.

मर्यादा किती असते तेंहि पाहण्यासारखें आहे. चाकाच्या स्टडसाठीं सामान्यतः ज्या वर्गाचें पोलाद वापरतात त्यास १०.९ असें म्हणतात. यांतील १० या आंकड्याचा अर्थ असा कीं, प्रत्येक चौरस मिलिमीटरास १००० न्यूटन ओढ बसली म्हणजे तें तुटतें. आणि पुढील ९ चा अर्थ, त्या ओढीच्या नऊदशांशास तें कायमचें लांबूं लागतें. या जाडीच्या स्टडचें भार सोसणारें क्षेत्रफळ ८८ चौरस मिलिमीटर आहे. म्हणजे सुमारें आठ टनांस तो कायमचा लांबतो व नऊ टनांस तुटतो. आतां सत्तर किलो वजनाचा मनुष्य अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर वरीलच हिशेबानें ओढ चौदा टनांवर जाते. रस्त्याच्या कडेला पान्यावर उभे राहून नट आवळणारे लोक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. घट्ट तेवढें चांगलें असें ते समजतात. वास्तविक ते स्टडचा जीव घेत असतात.

आतां स्टड बदलण्याची कृति सांगतों. उरलेल्या तीन स्टडांवर आमच्या विद्यार्थ्यानें नवा नट बोटांनीं फिरवून पाहिला. दोहोंवर तो शेवटपर्यंत सहज गेला; तिसऱ्यावर अर्ध्यांत येऊन अडला. तेथील आटे ताणले गेल्याची ती खूण. त्यानें त्या चाकाचे चारहि स्टड बदलण्याचें ठरविलें, कारण चौघांनींहि एकाच हाताचा अत्याचार सोसला होता. नवे स्टड त्याच गाडीसाठीं केलेले आणले. जाडी, आट्यांचें अंतर, लांबी व दांत्यांच्या भागाचा व्यास हीं सर्व मापें जुळलीं पाहिजेत. व्यास थोडा कमी असला तर स्टड भोंकांत फिरतो. जास्त असला तर हबची कड चिरण्याचें भय.

गाडी सपाट जमिनीवर होती. मागच्या चाकांस पाचरी लावल्या होत्या. जॅकनें उचलून तिच्याखालीं लोखंडी घोडी दिली होती. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात घालूं नये, हें त्यानें आम्हांस दोनदां बजाविलें. प्रथम ब्रेकचा कॅलिपर दोन बोल्ट काढून सोडविला व तारेनें वर बांधून ठेवला. तो रबरी नळीवर लोंबकळूं दिला तर नळीस इजा होते. मग तबकडी काढली आणि हब उघडा झाला. हब फिरवून एकेक स्टड मागच्या बाजूस मोकळी जागा असेल तेथें आणला, आणि पकडीसारख्या दाबयंत्रानें त्याचें टोंक आंत दाबून तो मागून बाहेर काढला. कांहीं लोक हातोड्यानें ठोकून काढतात. पण प्रत्येक ठोका हबच्या बेअरिंगवर बसतो, आणि स्टड वांचवितांना बेअरिंग जातें. कांहीं गाड्यांत मागें जागाच नसते. तेथें हब उतरवून कारागिराच्या दाबयंत्राखालीं नेणें हाच सरळ मार्ग.

नवा स्टड मागून भोंकांत घातला. पुढून त्यावर तीन-चार जाड वायसर ओवले, व एक जुना नट उलटा, म्हणजे सपाट बाजू आंत करून लावला. तो नट हातपान्यानें हळूहळू आवळला तसा स्टड पुढें ओढला जाऊन दांते भोंकांत रुतत गेले, आणि शेवटीं त्याचें डोकें हबच्या पाठीस सर्व बाजूंनीं टेकलें. डोकें टेकलें कीं नाहीं हें आरसा धरून पाहिलें. तेथें केसाएवढी जरी फट राहिली, तरी पुढें गाडी चालतांना स्टड तेवढा आंत सरकेल व सारा ताण जाईल. या ओढण्याच्या कामास जुना नट वापरावा, कारण या कामांत त्याचे आटे खराब होतात. तो पुन्हां चाकावर लावूं नये.

येथें आमची दुसरी चूक झाली. चाक बसविण्यापूर्वीं आम्हीं मोठ्या तत्परतेनें तेलाची डबी पुढें केली व म्हटलें, "आट्यांस थोडें तेल दे, म्हणजे पुन्हां गंजणार नाहीं." विद्यार्थी हंसला. "सर, नऊदशांश श्रम घर्षणांत जातात हें आतांच पाहिलें ना?" आमच्या लक्षांत आलें. पिळाचा जो आंकडा पुस्तकांत दिलेला असतो तो कोरड्या व स्वच्छ आट्यांसाठीं असतो. तेलानें घर्षण कमी झालें तर तेवढ्याच पिळानें सव्वाचार टनांच्या जागीं साडेपांच टनांहून अधिक ओढ बसेल, आणि पान्यावर मात्र तोच आंकडा दिसेल. म्हणून गाडी बनविणारानें स्पष्ट सांगितलें नसेल तर आट्यांस व नटाच्या निमुळत्या तोंडास तेल अगर ग्रीस लावूं नये. तारेच्या ब्रशानें आटे झाडावे, एवढें पुरे. हबच्या ज्या मधल्या उंचवट्यावर चाक बसतें तेथें मात्र गंजरोधक वंगणाचा पातळ हात फिरविला असतां पुढच्या वेळीं चाक अडकून बसत नाहीं.

त्यानें हबचा व चाकाचा सपाट भाग घासून लख्ख केला, कॅलिपर परत बसविला, चाक चढविलें, आणि चारहि नट प्रथम बोटांनीं लावले. नट बोटांनीं फिरत नसेल तर आटे वांकडे लागले आहेत असें समजून थांबावें; पान्यानें रेटूं नये. नंतर नट शेजारशेजारचे न आवळतां समोरासमोरचे आवळले: आधीं वरचा, मग खालचा, आधीं डावा, मग उजवा. त्यामुळें चाक सर्व बाजूंनीं सारखें टेकतें. शेवटीं गाडी खालीं उतरवून टॉर्क पान्यानें, म्हणजे ठरलेला पीळ पडतांच 'टक्' असा इशारा देणाऱ्या पान्यानें, त्याच क्रमानें प्रत्येक नट पुरा केला. या पान्यानें नट सोडवूं नयेत, आणि काम झाल्यावर त्याचा आंकडा सर्वांत खालीं आणून ठेवावा. नाहींतर त्याच्या आंतील स्प्रिंगच खोटें बोलूं लागते.

काम संपलें असें आम्हांस वाटलें. पण तसें नव्हतें. नवे भाग पहिल्या धांवेंत एकमेकांत थोडे बसतात, म्हणून ८० ते १५० किलोमीटर झाल्यावर गाडी थंड असतां नट पुन्हां एकदां तपासले पाहिजेत. गरम चाकावर तपासणी करूं नये, कारण उष्णतेनें सर्वच मापें बदललेलीं असतात. शर्यतीच्या मैदानावर वारंवार गाडी नेणारे लोक तर स्टडला कायमची वस्तु न मानतां टायरप्रमाणें झिजणारी वस्तु मानतात व ठराविक काळानें बदलतात. कारण तेथें तबकड्या अतिशय तापतात व चाकेंहि वरचेवर काढावीं लागतात. कांहीं हौशी लोक गाडी रुंद दिसावी म्हणून हब व चाक यांच्यामध्यें धातूची जाड चकती घालतात. तसें केल्यास स्टड तेवढे लांब बसविले पाहिजेत. नट स्टडच्या जाडीइतका तरी आटयांत गेला पाहिजे, असा साधा नियम आहे. आपल्या १२ मिलिमीटर स्टडवर दीड मिलिमीटरच्या आट्यांनीं हे पुरे आठ फेरे होतात; ते कोणासहि मोजतां येतील. तसेंच चाकें बदललीं तर नटाचें तोंड व भोंकाचा कांठ जुळतात कीं नाहीं तें पाहावें. कांहीं कारखाने निमुळतें तोंड ठेवतात, कांहीं गोलाकार, तर कांहीं सपाट. एकाचे नट दुसऱ्यास लावले तर ते फक्त एका बारीक कडेवर टेकतात, आणि ती कड लवकरच दबते.

सर्वच स्पोर्ट्स गाड्यांस असे स्टड नसतात हेंहि सांगितलें पाहिजे. पुष्कळ जर्मन गाड्यांत स्टडऐवजीं बोल्ट चाकांतून थेट हबमध्यें फिरवितात. १९६२ ते १९८० या काळांत इंग्लंडांत तयार झालेल्या एम्-जी-बी या गाडीस तारांचीं चाकें घेतलीं तर प्रत्येक चाकास मध्यावर एकच मोठा नट असे. गाडीच्या एका बाजूस सुलटे व दुसऱ्या बाजूस उलटे आटे ठेवीत, म्हणजे चाकाच्या फिरण्यानें नट सैल होऊं नये. आपल्या सायकलीच्या डाव्या पायट्याचे आटे उलटे असतात, त्याचेंहि कारण याच जातीचें आहे. शर्यतीच्या गाड्यांस आज असाच एकेक मध्यवर्ती नट असतो, कारण तेथें चाक कांहीं क्षणांत बदलावें लागतें. त्या घाईची किंमतहि कधीं कधीं मोठी पडते. २२ सप्टेंबर १९९१ रोजीं पोर्तुगालमधील एस्टोरिल येथें निजेल मॅन्सेल हा प्रख्यात चालक शर्यतींत पुढें होता. टायर बदलून तो निघाला, तोंच मागचें उजवें चाक नट नीट न बसल्यामुळें निखळून पडलें. मदतनीसांनीं नेमून दिलेल्या जागेबाहेर तें पुन्हां बसविलें, म्हणून तो शर्यतींतून बाद झाला. आणि त्या वर्षींचें विश्वविजेतेपद आयर्टन सेना यास मिळालें. मॅन्सेलचें विजेतेपद हुकलें तरी जीव बचावला. रस्त्यावर मात्र निखळलेलें चाक कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो.

आमच्या वाचकांच्या घरीं स्पोर्ट्स गाडी असेल असें नाहीं. पण हे नियम घरच्या साध्या मोटारीसहि तसेच लागूं आहेत. पालकांनीं पंक्चर काढून घेतल्यावर नट टॉर्क पान्यानें आवळण्यास सांगावें. किती पीळ द्यावयाचा तो आंकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत असतो. चाक काढल्यावर दुसऱ्या दिवशीं नट एकदां तपासावे. गाडी सांवकाश चालतांना चाकांतून टक्‌टक् असा आवाज येऊं लागला, हातांतील सुकाणूचक्र थरथरूं लागलें, किंवा नटाभोंवतीं गंजाच्या तांबूस रेषा किरणांसारख्या पसरलेल्या दिसल्या, तर त्या केसाएवढ्या ताणाची ती शेवटची हांक समजावी व गाडी तेथेंच उभी करावी. "एवढें घरापर्यंत जाऊं" हा विचार मनांत येईल. आमच्याहि मनांत तो आला होता, आणि तेव्हां ती पिशवी घेतलेली मुलगी आमच्या पुढेंच उभी होती.

पुढच्या बुधवारीं संध्याकाळीं, गाडी शंभरेक किलोमीटर चालून झाल्यावर, विद्यार्थ्यानें टॉर्क पाना आमच्या हातीं दिला. आम्हीं क्रमानें नट तपासले. पहिला जागचा हलला नाहीं. लगेच 'टक्' झालें. दुसरा तसाच. तिसराहि तसाच. चौथा मात्र अगदीं थोडा, घड्याळाच्या मिनिटकांट्यानें एक-दोन मिनिटें पुढें जावें इतकाच सरकला, आणि मग त्यानें 'टक्' केलें. आम्हीं विद्यार्थ्याकडे पाहिलें. तो म्हणाला, "यासाठींच तपासावयाचें, सर." शनिवारीं मुलगी पोहण्याच्या वर्गास त्याच गाडींतून गेली.